फक्त दोन सर्व्हर आहेत. सेफमध्ये (अनेक मशीनच्या डिस्क जोडून एकच साठा करणारं सॉफ्टवेअर) रेप्लिका २, म्हणजे दोनच कॉपी, ठेवली तर चालेल का?

चालेल. लाइट जाईपर्यंत.

दोन मशीन, दोन कॉपी, बजेट संपलंय, तर सेफ लावावं की मिनआयओ (तसंच दुसरं स्टोरेज सॉफ्टवेअर), असं तुम्ही विचारलंय. त्यावर नंतर येतो. ‘दोन कॉपी पुरे’ हे मी लातुरात एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात ऐकलेलं आहे, त्यामुळे आधी ते.

लेक्चरचे व्हिडिओ ठेवायला तिथे तीन मशीनचं सेफ होतं. मी साइझ ३, मिनसाइझ २ मागितलं, म्हणजे तीन कॉपी, आणि निदान दोन जिवंत असतील तरच लिहिणं-वाचणं चालू. पुण्याहून बोलावलेले कन्सल्टंट म्हणाले, “क्रश सांभाळून घेतं.” काय सांभाळतं? क्रश म्हणजे सेफमधला अल्गोरिदम, २००६ साली कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठाच्या सेज वाइल आणि मंडळींनी मांडलेला. कॉपी कुठे ठेवायची ते तो हिशेबाने काढतो. किती ठेवायच्या हे आपण सांगायचं असतं. पण संचालक सर माझ्याकडेच वळले, “तिसऱ्या कॉपीचं काय लोणचं घालायचंय का रे?” झालं, साइझ २. साइझ २ केलं की मिनसाइझ आपोआप १ होतं, हे त्या खोलीत कुणाच्या गावीही नव्हतं.

एप्रिलच्या दुपारी लाइटची ये-जा सुरू झाली. एका मशीनच्या यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच्याच बसलेल्या, ते पडलं. मिनसाइझ १ असल्यामुळे उरलेल्या एकाच कॉपीवर लिहिणं चालू राहिलं आणि केमिस्ट्रीचं लेक्चर एकट्या डिस्कवर चढत गेलं. पुढच्या झटक्याला नेमकी तीच डिस्क गेली. पहिलं मशीन परत वर आलं, पण त्याच्याकडचा डेटा जुना. याच्यानंतरही काहीतरी लिहिलं गेलंय हे सेफला माहीत असतं, म्हणून ते जुनंही द्यायला तयार होईना. त्या पीजींमधले (सेफ डेटाचे जे गट पाडतं ते) आधीचे व्हिडिओसुद्धा अडकले. शेवटी रात्री गेलेली डिस्क ‘लॉस्ट’, म्हणजे कायमची गेली, असं सेफला जाहीर केलं. जुनं सुटलं, त्या दुपारचं गेलं.

सर अजून म्हणतात, लाइटमुळे गेलं. लाइट अख्ख्या मराठवाड्यात जाते! लाइटमुळे मशीन पडलं. व्हिडिओ गेले ते एकाच कॉपीवर लिहू दिल्यामुळे.

आता तुमचं. दोन मशीनवर सेफ लावूच नका. सेफचे मॉनिटर (क्लस्टरचा हिशेब ठेवणारे प्रोग्राम) बहुमताने चालतात, आणि दोन मॉनिटरचं बहुमत म्हणजे दोन्ही. एक पडला की क्लस्टर ठप्प. मिनआयओत जास्तीत जास्त पॅरिटी (गेलेला डेटा परत काढायचे जादा तुकडे) ठेवलीत तरी अर्ध्या डिस्क गेल्यावर फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. डेटा थोडा असेल तर एका मशीनवर झेडएफएस ही फाइलसिस्टिम लावा आणि रोज रात्री दुसऱ्यावर स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) पाठवा. तिसरं मशीन मिळालं की सेफ, ३ आणि २, यात घासाघीस नाही.

मशीन मुद्दाम बंद करताना सेफला ‘नोआउट’ (डिस्क बाहेर काढू नको) हा फ्लॅग लावा. नाहीतर ६०० सेकंदांनी सेफ त्या डिस्क बाहेर काढतं आणि जागा असेल तिथे कॉप्या पुन्हा बनवायला घेतं. एखादी डिस्क ९५ टक्के भरली की लिहिणं बंद.

हो, आणि तीन कॉपी म्हणजे बॅकअप नाही. डिलीट मारलं की तिन्ही जातात. जागेचीच ओरड असेल तर ४+२ इरेजर कोडिंगमध्ये (अख्ख्या कॉपीऐवजी डेटाचे चार तुकडे आणि दोन जादा) दीडपटीत भागतं, पण दर तुकडा वेगळ्या मशीनवर म्हणून त्याला किमान सहा मशीन लागतात, म्हणजे साहेबांना तेही परवडायचं नाही.

कॉपी कमी करायचा आदेश मात्र ईमेलवर लेखी घ्या. माझ्याकडे तो आहे. सर परवा पुन्हा ‘लाइटमुळे’ म्हणाले तेव्हा कन्सल्टंटना सीसीत ठेवून फॉरवर्ड केला. दोघांपैकी एकाचंही उत्तर नाही.