जुन्या गाडीचं स्टीअरिंग मधेच जड होतं आणि गॅरेजमध्ये नेलं की ठीक असतं. दोष शोधायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2010 ची, इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगची (ईपीएस, म्हणजे विजेची मोटर स्टीअरिंग हलकं करते). महिन्यातून तीन-चारदा स्टीअरिंग एकदम दगडासारखं होतं आणि गाडी बंद करून पुन्हा चालू केली की लोण्यासारखं. तीन गॅरेजं झाली. एक म्हणतो रॅक (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) गेला, दुसरा म्हणतो मोटरसकट अख्खा कॉलम (स्टीअरिंगखालचा दांडा) बदला, तिसरा म्हणतो अलाइनमेंट करून बघू.

तूर्तास काहीच बदलू नका.

मी मेकॅनिक नाही. पण याच दुखण्यापायी आठ महिने आणि एक कोरी बॅटरी घालवली आहे, म्हणून लिहितोय.

माझी गाडी 2009 ची. आम्ही चिपळूणला राहतो. पहिल्यांदा बाजारात गाडी लावताना स्टीअरिंग जड झालं. गॅरेजवाला म्हणाला बॅटरी म्हातारी झालीय. बदलली. दोन महिने काहीही झालं नाही आणि मी चार लोकांना छातीठोकपणे सांगत सुटलो की बॅटरी बदला, स्टीअरिंग सुधारतं. मग जून उजाडला. कराडहून येताना कुंभार्ली घाटात एक ट्रक अडकलेला, मागे रांग. अर्धा तास इंजिन नुसतं चालू ठेवून बसलो होतो. मुसळधार पाऊस, हेडलाइट लागलेले, वायपर चालू, काचेवर वाफ धरू नये म्हणून ब्लोअर पूर्ण, मागच्या काचेचा हीटरही चालू. रांग हलली, पुढे वळण, आणि स्टीअरिंग फिरेना. दोन्ही हातांनी ओढून वळवलं. बायको काही बोलली नाही, पण वरचं हँडल तिने घरी पोचेपर्यंत सोडलं नाही.

त्या रात्री आधीचे सगळे प्रसंग आठवून कागदावर लिहिले. हे आधीच करायला हवं होतं. कुठे झालं, किती वेळ गाडी चालली होती, पाऊस होता का, एसी चालू होता का, वेग किती, डॅशबोर्डवर कुठला दिवा लागला. सहा प्रसंग लिहिल्यावर उजेड पडला: प्रत्येक वेळी गाडी बराच वेळ आयडलवर (उभी, इंजिन नुसतं चालू) होती आणि विजेचा भार जास्त होता. एकदाही ऐंशीच्या वेगात, मोकळ्या रस्त्यावर झालं नव्हतं.

मग सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर आणला. स्वस्तातला असतो, पण या कामाला पुरतो. मुलगी शेजारी बसून आकडे वाचायची. रस्त्यावर 14.1. सिग्नलला सगळं चालू केलं की 13, मग 12.4, मग 11.7, आणि तिथे स्टीअरिंगचा पिवळा दिवा.

कारण असं की उभ्या गाडीत चाकं वळवताना स्टीअरिंगच्या मोटरला तीस-चाळीस अँपिअर किंवा त्याहूनही जास्त करंट लागतो. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली घसरलं की तिचं मॉड्युल (तिला चालवणारा छोटा कॉम्प्युटर) स्वतःच मदत बंद करतं, आणि काही गाड्यांत चावी एकदा बंद करेपर्यंत ती बंदच ठेवतं. म्हणून तर बंद-चालू केल्यावर 'ठीक' होतं. दोष गेलेला नसतो, मॉड्युलने पाटी पुसून नव्याने सुरुवात केलेली असते. माझ्या गाडीत ऑटो इलेक्ट्रिशियनने अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) उघडला तर आतले कार्बन ब्रश पार झिजलेले. आयडलवर चार्जिंग नावालाच होत होतं. नवी बॅटरी दम धरून होती, तेवढ्याने दोन महिने ते झाकलं गेलं. ब्रशचा खर्च बॅटरीच्या पासंगालाही नव्हता.

तुमचाही अल्टरनेटरच असेल असं मी म्हणत नाही. नाहीतर माझ्यात आणि 'रॅक गेला' म्हणणाऱ्यात फरक काय राहिला?

आधी हे बघा: जड होतं तेव्हा ईपीएसचा दिवा लागतो का? त्याआधी चावी ऑन करून तो दिवा मुळात लागून विझतो ना, याची खात्री करा. जुनी गाडी विकताना असे दिवे बंद करून ठेवणारे महाभाग असतात.

दिवा लागत असेल तर शोध विजेच्या बाजूला. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, चालू असताना 13.8 ते 14.4 हवेत, आणि सगळा भार टाकल्यावरही 13 च्या खूप खाली जायला नको. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा क्षार काढा, अल्टरनेटरचा बेल्ट ढिला आहे का पाहा. मग अर्थिंग, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला आणि इंजिनाला जोडलेली जागा. आपल्या दमट हवेत जुन्या गाडीच्या अर्थिंगच्या बोल्टखाली गंज चढतो आणि वरून तो बोल्ट अगदी घट्ट दिसतो. नुसतं बघून कळत नाही, मोजावं लागतं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं बॉडीच्या उघड्या धातूवर आणि नंतर इंजिनावर. इंजिन, दिवे, ब्लोअर सगळं चालू, आणि कुणाला तरी उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवायला सांगा. 0.2 व्होल्टपर्यंत चालेल. अर्धा व्होल्ट दिसला तर बोल्ट काढा, पॉलिश पेपरने घासा, पुन्हा आवळा. नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीमचा अँप्लिफायर किंवा मोठा हॉर्न कुणी त्याच जागी जोडलाय का, तेही बघा. आणि गाडी बरेच दिवस उभी असेल तर वायरी कुरतडणाऱ्या उंदरांना विसरू नका.

एक गंमत अशी की अरुंद जागेत गाडी लावताना दहा-बारा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाकं फिरवली, तर चांगल्या गाडीतही मोटर तापते आणि मॉड्युल मदत कमी करतं. थोडं थांबलं की पूर्ववत. तुमच्या नोंदींत असं निघालं तर तो दोषच नाही.

गाडीच्या कॉम्प्युटरने साठवलेले दोषाचे कोड वाचून घ्या, पण ऑनलाइन मिळणारं स्वस्त ब्लूटूथ यंत्र बहुधा फक्त इंजिनाचे कोड वाचतं. ईपीएस मॉड्युलपर्यंत पोचणारा स्कॅनर असलेला माणूस गाठा. टॉर्क सेन्सरचा (तुम्ही स्टीअरिंगला किती जोर लावता ते मोजणारा) कोड पुन्हा पुन्हा आला, आणि व्होल्टेज, अर्थिंग, कनेक्टर सगळं निर्दोष निघालं, तर कॉलम बदलायचा विषय काढावा. कधीकधी वेगाचा सेन्सर मधेच मरतो. तेव्हा स्पीडोमीटरचा काटाही नाचतो किंवा शून्यावर पडतो, त्यामुळे जड झाल्याक्षणी तिकडे एक नजर टाका.

दिवा लागत नसेल तर प्रकरण लोखंडाचं असण्याची शक्यता जास्त. आधी टायरची हवा बघा, हसू नका. मग गॅरेजमध्ये पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या, इंजिन बंद, स्टीअरिंग लॉक उघडं, आणि हाताने सावकाश फिरवा. एका फेऱ्यात दोनदा घट्ट, दोनदा सैल लागलं तर रॅकला जोडणाऱ्या शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट गंजलाय. पाणी साचलेल्या रस्त्यावरून फिरलेल्या गाड्यांत हे होतं, आणि रॅकच्या माथी मारलं जातं. वळण घेतल्यावर स्टीअरिंग आपसूक सरळ होत नसेल तर बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोळ्याचा सांधा) आखडलेला असू शकतो. उभ्या गाडीत वळवताना स्प्रिंगचा 'टण्ण' आवाज येऊन हिसका बसला तर शॉकअपच्या वरचं बेअरिंग. शंका उरली तर टाय-रॉडची (रॅकपासून चाकापर्यंतचे दांडे) टोकं चाकापासून सोडवायला सांगा. मग रॅक हलका फिरला तर त्याची सुटका, आणि अडकणारं चाक कुठलं ते लगेच कळतं.

अलाइनमेंट (चाकांची सरळ रेष) बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर वाकडे झिजतात. महिन्यातून तीनदा जड होऊन पुन्हा हलकं होणं हे तिचं काम नव्हे.

शोध चालू असताना गाडी चालवायची का? नुसती मोटरची मदत गेली तर चाकं स्टीअरिंगला जोडलेलीच असतात, फक्त जोर लागतो. चालत्या गाडीत चावी बंद करायचा मोह टाळा, ब्रेकची मदतही जाईल. बाजूला घ्या, थांबा, मग बंद करा. पण स्टीअरिंग एखाद्या जागी खरंच अडकत असेल, किंवा अचानक ढिलं पडून फिरवूनही चाकं उशिरा वळत असतील, तर गाडी टो करून न्या. त्यात 'उद्या बघू' नाही.

दिवा लागतो की नाही, आणि शेवटच्या दोन वेळी गाडी उभी होती की पळत होती, एवढं खाली लिहा. आणि कोड वाचून होईपर्यंत कुणालाही बॅटरीची वायर काढू देऊ नका. काही गाड्यांत त्यासरशी साठवलेले कोड पुसले जातात.