आजोबांचं ‘रक्त’ आणि आत्याची भूल

‘देगलूरची गोंधळलेली’ लिहिते: ताई, आम्ही आर्यवैश्य. आत्याने मला लहानपणीच सून ठरवून ठेवलंय. मला मात्र नांदेडला सोबत शिकलेला, दुसऱ्या जातीचा मुलगा आवडतो. आजोबा म्हणतात, रक्त वेगळं, लेकरं धड निपजायची नाहीत. मागे आत्याच्या ऑपरेशनला भूल उतरेना, कितीतरी तास मशीनवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या समाजात असं आढळतं. खरं का?

डॉक्टरांचं खरं आहे. श्वासनलिकेत नळी घालताना स्नायू सैल पडावेत म्हणून सक्सिनिलकोलीन नावाचं औषध देतात. रक्तातलं कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम काही मिनिटांत त्याचा निकाल लावतं. ते अगदीच कमी असलं की माणसाला तासन्‌तास आपला आपण श्वास घेता येत नाही. आर्यवैश्य समाजात हा दोष इतरांपेक्षा जास्त सापडतो. एरवी कसलाच त्रास नसतो, त्यामुळे भूल देईपर्यंत पत्ता लागत नाही.

मूळची घरं मोजकी आणि पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक आपसातच, म्हणून एखाद्या पूर्वजाचा दोष घरोघर पोचला. त्याच पेठेत दुकान थाटलेला शेजारचा समाज यातून सुटला. त्याच्या पदरात दुसरं काही असेल. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले आणि परदेशातले शास्त्रज्ञ यांनी २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६०हून जास्त समाजांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या ८१ समाजांत मोजक्या पूर्वजांचा हा ठसा त्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडच्या लोकांपेक्षाही गडद निघाला. तेव्हा तुम्हालाच नावं ठेवायचं कारण नाही.

आजोबांनी फरक ओळखला, हिशोब उलटा मांडला. असा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच जोरात उमटतो. आत्याला तो असेल तर तिच्या मुलात निम्मा उतरलेलाच आहे, आणि तिचे सख्खे भाऊ म्हणजे तुझे बाबा, त्यांच्याकडून तुझ्यातही आलेला असू शकतो! परक्या घरात तोच दोष भेटायची शक्यता कमी. जातीबाहेर लग्न केलं की लेकरं ठणठणीत, अशी हमी मात्र कुणी देत नाही.

पण पोरी, एन्झाइमच्या आड लपू नकोस. आत्तेभाऊ तपासणीत निर्दोष निघाला तर करशील लग्न? नाही ना? मग बाबांना तेच सांग, आजोबांच्या कानावर जायच्या आत. आत्याचं दुखणं बैठकीत काढलंस तर ती जन्मभर बोलायची नाही, आणि तिचं चुकणारही नाही.

कोलिनएस्टरेजची रक्ततपासणी मात्र तू, बाबा, आत्तेभाऊ, सगळ्यांनी करून घ्या. लग्नासाठी नव्हे, उद्या कुणाचं अपेंडिक्स काढायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला आधी सांगता येईल. ते दुसरं औषध वापरतात.