‘टी. मॉरिस, सेंट अँड्र्यूज’ असा ठसा असलेला लाकडी दांड्याचा जुना गोल्फ क्लब मिळालाय. तो ओल्ड टॉमचा असेल का, आणि साफ कसा करू?

त्या ठशावर फार भिस्त ठेवू नका. तो दुकानाचा आहे, हाताचा नव्हे. ओल्ड टॉम मॉरिस हा एकोणिसाव्या शतकातला स्कॉटिश गोल्फपटू आणि क्लब-कारागीर. १८६४ मध्ये तो स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविकहून सेंट अँड्र्यूजला परतला. तिथल्या त्याच्या दुकानात कारागीर क्लब बनवत आणि ठसा मालकाच्या नावाचा उमटे. १९०८ मध्ये तो वारला, दुकान मात्र पुढेही चालू राहिलं. त्याने स्वतः खेळलेला क्लब म्हणायचा तर लेखी पुरावा हवा. व्हार्डन, टेलर, ब्रेड या जुन्या नामवंत गोल्फपटूंच्या नावांचंही तेच.

आधी दांड्याला लोहचुंबक लावा. चिकटला तर आत पोलादी नळी आहे. स्टीलचे दांडे आले तेव्हा ते जुन्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना खटकू नयेत म्हणून काहींवर लाकडी रंगाचं आवरण चढवत. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए संस्थेने स्टीलला १९२९ मध्ये परवानगी दिली, तेव्हा असा क्लब साधारण १९३०च्या आसपासचा. चुंबक चिकटला नाही, तर दांडा बहुधा हिकरीचा, म्हणजे त्या नावाच्या चिवट अमेरिकी लाकडाचा.

मग डोक्याची पुढची बाजू पाहा. सपाट, रेघाबिघा नसलेला पत्रा साधारणपणे जुना. ठिपके किंवा समांतर रेघा कोरलेल्या असतील तर विसावं शतक. तळाला ‘५’ असा आकडा किंवा ‘स्टेनलेस’ शब्द असेल तर १९२०च्या दशकाच्या अलीकडे यायलाच हवं. पटर (चेंडू जमिनीवरून हळू ढकलायचा क्लब) मात्र पुढेही सपाटच बनत राहिले, तिथे हा नियम लावू नका. ठशाजवळ तंबाखू ओढायच्या पाइपचं छोटं चिन्ह दिसलं, तर ते टॉम स्ट्यूअर्ट या लोहाराचं. डोकं त्याच्या भट्टीतलं, नाव दुकानाचं. यात फसवणूक काही नाही, तेव्हाची रीतच ती.

खरा कस लागतो तो लांब नाकाच्या लाकडी क्लबांत. ह्यू फिल्प (१७८२–१८५६) या कारागिराच्या नावाचे बनावट ठसे फार पूर्वीपासून फिरतात. अस्सल तुकड्यात दांडा डोक्याच्या भोकात बसवलेला नसतो. दोन्ही टोकं तिरकी तासून सांधलेली आणि त्यावर डांबरी दोरा गुंडाळलेला असतो. मागच्या बाजूला खाचेत ओतलेलं शिसं, तळाच्या पुढच्या कडेला मेंढ्याच्या शिंगाची पट्टी आणि ती धरणाऱ्या लाकडी खुंट्या. दहापट भिंगाखाली पाहा: झीज तळाला आणि चेंडू लागतो त्या जागी असायला हवी, पकडीचं चामडं घामाने काळं पडलेलं हवं. सगळीकडे सारखाच काळपट रंग आणि दोरा मात्र कोरा दिसला, तर तो भिंतीवर टांगायचा माल समजा.

आता सफाई. सँडपेपर आणि बफिंगची चाकं दूर ठेवा. चांगल्या तुकड्यांची सर्वाधिक नासाडी तिथेच होते, कारण ठसा घासला गेला की ओळख गेली आणि किंमतही. लोखंडावरची काळपट-तपकिरी झाक तशीच राहू द्या. लाल, सुटा गंज असेल तेवढ्यावरच शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब टाकून ‘०००० नंबर’ची स्टील वूल हलक्या हाताने फिरवा, ठशाला वळसा घालून. हिकरीला उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, दहा-पंधरा मिनिटांनी पुसून टाका, चोवीस तास वाळू द्या. एक जाड थर दिलात तर तो चिकट राहून धूळ धरतो. तेलकट चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा.

डोकं हलतंय का? हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं. दांडा बसतो त्या डोक्याच्या लोखंडी नळीतून आरपार गेलेली पिन शाबूत असेल तर काही करू नका. एपॉक्सी घातलं की पुढच्या दुरुस्तीची वाट बंद. पावसाळ्यात मुंबई-कोकणात क्लब भिंतीला टेकवू नका, आडवा ठेवा, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या.

परदेशात विकायचा विचार असेल तर थांबा. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपलीकडच्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू खासगी व्यक्तीला बाहेर पाठवता येत नाहीत. वस्तू त्यात मोडत नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं. तो हातात आल्याशिवाय पार्सल बांधू नका.