घरपट्टी दुप्पट आलीय, आता काय करू?

प्रश्न : ताई, मी एसटीतून रिटायर झालोय. तालुक्याच्या गावी स्वतःचं घर आहे, १९९६ ला बांधलेलं, विटांचं, पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब आणि मागं स्वयंपाकघरावर पत्रा. नगरपरिषदेने ड्रोन सर्व्हे केला आणि आता नोटीस आलीय, घरपट्टी जवळजवळ डबल. गल्लीतले म्हणतात सगळ्यांनाच आलीय, मोर्चा काढू, तोवर भरू नका. आमची पेन्शन किती असते ते तुम्हाला माहितीच आहे. काय करू?

उत्तर : काका, मोर्चाला जरूर जा, पण त्याच्या आधी ती नोटीस हातात घ्या आणि हरकतीची शेवटची तारीख कुठली छापलीय ते बघा. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातल्या कलम ११९ ची ही नोटीस असते, साधारण ३० दिवस मिळतात, आणि या ३० दिवसात लेखी हरकत दिली नाही तर पुढे अपीलाचा रस्ताच बंद होतो. हे लोकांना कुणी सांगतच नाही हो. बिल आल्यावर धावपळ करतात आणि तेव्हा उत्तर मिळतं, "तुमची हरकत कुठंय?"

दुसरं म्हणजे "कर जास्त आहे, परवडत नाही" असा अर्ज देऊ नका. खरंच परवडत नसतं, मला कळतं, पण सुनावणीला बसलेला अधिकारी त्यावर काही करू शकत नाही, कराचे टक्के त्याच्या हातात नसतात. त्याच्या हातात असतं ते तुमचं करपात्र मूल्य, आणि ते निघतं तुमच्या घराबद्दल त्यांनी कागदावर काय लिहिलंय त्यावरून. क्षेत्रफळ किती, बांधकाम कसलं, वर्ष कुठलं, स्वतः राहता की भाड्याने दिलंय. भांडायचं ते या चार गोष्टींवर.

हिशोब करूनच दाखवते, आकडे समजा म्हणून धरलेत. त्यांनी ११० चौरस मीटर आरसीसी (सिमेंट-सळईच्या खांबांवर उभं बांधकाम) लिहिलं आणि घराच्या अंदाजे भाड्याचा दर महिन्याला चौरस मीटरमागे २० रुपये लावला, तर वर्षाचे झाले २६,४००, त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा, करपात्र मूल्य २३,७६०. आता घर खरं ८० चौरस मीटर आहे आणि आरसीसी नाहीच, लोडबेअरिंग आहे, म्हणजे स्लॅबचा भार विटांच्या भिंतींवर, त्याचा दर १५. मग १४,४०० मधून १० टक्के गेले की १२,९६०. म्हणजे जवळपास निम्मं! कर २५ टक्के धरला तर ५,९४० च्या जागी ३,२४०, आणि शिक्षण कर वगैरे याच करपात्र मूल्यावर बसतात ते वेगळेच.

तर रविवारी नातवाला टेपचं दुसरं टोक धरायला लावा आणि घर मोजा. ड्रोनला वरून छप्पर दिसतं, भिंती दिसत नाहीत, त्यामुळे छज्जा आणि पत्र्याचा बाहेर आलेला भाग मोजमापात धरला गेलाय का ते आधी तपासा. माझ्या मावशीच्या घरी असंच झालेलं, अंगणात वाळवणासाठी चार बांबूंवर टाकलेलं शेड चक्क खोली म्हणून लागलं होतं, आणि मावशी बिचारी दोन वर्षं निमूटपणे भरत राहिली कारण तिला वाटलं सरकारी कागद आहे म्हणजे बरोबरच असणार. मला अजून त्याचं वाईट वाटतं. फक्त एक बघा, त्यांनी माप भिंतीसकट बाहेरून घेतलंय की आतून, तसंच तुम्हीही घ्या, नाहीतर तुलना चुकेल.

मग नगरपरिषदेत जाऊन आकारणी यादी बघायला मागा, मालकाला ती बघता येते. स्वतःची नोंद उतरवून घ्याच, पण गल्लीतल्या तुमच्यासारख्याच जुन्या घराला काय दर लागलाय तेही लिहून आणा. त्याला १५ आणि तुम्हाला २० असेल तर हा मुद्दा फार जोराचा आहे. सोबत बांधकाम परवानगी, मागच्या आकारणीचा उतारा, घरगुती मीटरचं लाइट बिल आणि टेप लावलेले फोटो जोडा. फोटोत पत्रा स्पष्ट दिसू दे. अर्ज एका पानाचा पुरे, दोन प्रती करा आणि एकीवर आवक नंबर, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी नाही.

सुनावणीला स्वतः जा, वकील लागत नाही. जागेवर येऊन मोजा अशी मागणी अर्जातच लिहून ठेवा. तिथे नाही जमलं तर पुढे अपील आहे, पण त्यासाठी बिलाची रक्कम आधी भरावी लागते, म्हणून "भरू नका" हा गल्लीतला सल्ला मला पटत नाही. थकबाकीवर दंड चढतो तो वेगळाच.

प्रश्न : पुण्यात २०२० ला फ्लॅट घेतला, आम्हीच राहतो. शेजारच्या जुन्या सोसायटीत तेवढ्याच फ्लॅटला बिल खूप कमी येतं, असं का?

उत्तर : बहुतेक ४० टक्के सवलतीमुळे. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्यांना ती १९७० पासून देत होती, मधे २०१९ पासून नव्या घरांना बंद झाली आणि २०२३ ला राज्य सरकारने परत चालू केली. पण आपोआप लागतेच असं नाही, पीटी-३ फॉर्म भरून स्वतः राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो, सोसायटीचं पत्र, मतदार कार्ड, गॅसचं कार्ड असं काहीतरी. पुण्यात दुसरं घर असेल तर त्याच्या टॅक्स बिलाची झेरॉक्सही बरोबर ठेवा.