एलेरॉनचा आराखडा कापाकापीआधी पुन्हा बघ

तुझ्या अल्ट्रालाइटच्या (हलक्या, छोट्या विमानाच्या) आराखड्यात दोन्ही एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्ट्या, वर-खाली सारख्याच कोनात फिरतात. ते आधी बदल. खाली जाणारा एलेरॉन पंखाला उचलतो, पण त्या पंखाची ओढही, म्हणजे हवेचा विरोधही, वाढवतो, आणि विमानाचं नाक वळणाच्या उलट बाजूला सरकतं. लांब पंखांच्या संथ अल्ट्रालाइटमध्ये हे फार जाणवतं. वर २० अंश, खाली १० अंश इथून सुरुवात कर. १९३१ च्या टायगर मॉथ या प्रशिक्षण विमानात तर खाली जाणारा एलेरॉन जवळजवळ हलतच नाही.

हा फरक बेलक्रँकमधून (दांड्याच्या हालचालीची दिशा बदलणाऱ्या कोनाकृती तुकड्यातून) येतो: स्टिक, म्हणजे वैमानिकाच्या हातातली दांडी, मध्यावर असताना त्याची भुजा दांड्याशी काटकोनात नसावी. नुसत्या गणितावर विसंबू नकोस, पुठ्ठ्याचं मॉडेल करून कोन मोज.

केबलपेक्षा मी पुशरॉड, म्हणजे ढकलणारा-ओढणारा ताठ दांडा, पसंत करतो. लांब दांडा दाबाखाली वाकतो, त्याला मध्ये आधार हवाच. जोडांतला खुळखुळा अजिबात सोडू नकोस. फ्लटरला, म्हणजे हवेच्या वेगात एलेरॉनच्या वाढत जाणाऱ्या थरथरीला, तेवढी फट पुरते. वेग वाढवणार असशील तर बिजागरीच्या पुढे संतुलनाचं वजन घाल.

प्रत्येक जोडणीनंतर स्टिक डावीकडे ने. डावा एलेरॉन वरच गेला पाहिजे. हे दुसऱ्या माणसाकडूनही तपासून घे, कारण उलट्या जोडणीने अनुभवी वैमानिकही गेले आहेत.