पदाची शपथ म्हणजे नेमकी कशाची?

प्रश्न असा आहे: मंत्री शपथेतल्या शब्दांविरुद्ध वागला तर त्याने 'खोटी शपथ घेतली' म्हणावं की 'शपथभंग केला'?

शपथभंग. खोटी शपथ साक्षीदाराची असते. जे घडलंच नाही ते घडलं, असं तो शपथेवर सांगतो. न्यायालयातल्या अशा खोट्या साक्षीला भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. मंत्री झालेलं सांगत नाही, पुढे कसा वागेन ते सांगतो. तो तसा वागला नाही तर वचन मोडलं. तरी 'खोटी शपथ घेतल्याचा गुन्हा दाखल करा' ही मागणी सारखी कानावर येते, आणि ती पहिल्याच पायरीवर अडते, कारण त्या कलमात मंत्र्याचं वचन बसतच नाही.

आता मूळ शब्दाकडे. 'शपथ'मध्ये 'पथ' नाही. त्यातून सन्मार्ग काढणाऱ्यांनी ती फोड सोडून द्यावी. धातू 'शप्', प्रत्यय 'अथ', जसा 'श्वस्'पासून 'श्वसथ'. आणि धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, या 'शप्'चा अर्थ दिला आहे 'आक्रोशे', म्हणजे शिव्याशाप देणे. शाप आणि शपथ सख्खी भावंडं! धातू उभयपदी आहे, म्हणजे परस्मैपद (फळ दुसऱ्याकडे) आणि आत्मनेपद (फळ स्वतःकडे) अशा दोन्ही रूपांत चालतो. 'शपति' म्हणजे दुसऱ्याला शाप देतो. आत्मनेपदी 'शपते' म्हणजे शपथ घेतो. क्रियेचं फळ स्वतःकडे वळलं की शापाची शपथ होते. ऋग्वेदात (७.१०४.१५) वसिष्ठ म्हणतात, 'अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि': मी जादूटोणा करणारा असेन तर आजच मरो. शपथ म्हणजे स्वतःला अटीवर दिलेला शाप.

मराठीने हा अर्थ षष्ठीत जपला आहे. आईची शपथ, गळ्याची शपथ, देवाची शपथ. ज्याला 'ची' लागतो ते पणाला लागतं. मुलं 'गळ्याशप्पथ' म्हणताना गळा चिमटीत धरतात तो उगाच नाही. मग 'मंत्रिपदाची शपथ घेतली' याचा अस्सल मराठी अर्थ काय? पद पणाला लावलं! ही षष्ठी नुसती 'पदासंबंधीची' असं म्हणणारे व्याकरणकार मला मान्य नाहीत. भाषांतरातून आली असेल, पण मराठी कानाला ती आईच्या शपथेसारखीच ऐकू येते. 'गोपनीयतेची शपथ' या नियमात बसत नाही, हा आक्षेप खरा आहे. तिथे गुपित राखायचं असतं, पणाला लावायचं नसतं. पण एका प्रयोगासाठी घराघरांतला अर्थ मी सोडणार नाही.

आणि संविधानाची व्यवस्था या अर्थाला धरूनच आहे. तिसऱ्या अनुसूचीत शपथांचे नमुने आहेत, ती मोडल्याची शिक्षा तिथे नाही. दंड आहे तो शपथ न घेण्याचा: शपथेआधी सभागृहात बसणाऱ्या किंवा मत देणाऱ्या सदस्याला दर दिवशी ५०० रुपये (संसदेत अनुच्छेद १०४, विधिमंडळात १९३). मोडणाऱ्याचं जातं ते पद. राज्याचा मंत्री अनुच्छेद १६४ प्रमाणे राज्यपालांची मर्जी असेतोवर पदावर असतो, आणि ती मर्जी मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने चालते. केरळ उच्च न्यायालयाने मंत्री बालकृष्ण पिळ्ळै यांच्या १९८५ मधल्या भाषणावरून आलेल्या प्रकरणात हेच धरलं: शपथभंग ही अपात्रता नव्हे, त्याचा विचार नेमणूक करणाऱ्याने करायचा. राष्ट्रपतींवरचा महाभियोग (अनुच्छेद ६१) संविधानभंगासाठी असतो. त्याला सभागृहाच्या एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, १४ दिवसांची नोटीस आणि एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं लागतात. तिथेही शेवट पद जाण्यातच.

म्हणून अर्ज लिहिताना शब्द जपून वापरा. पोलिसांकडे द्यायचा असेल तर 'शपथभंग' लिहूच नका. लाच असेल तर भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८. लोकसेवकाने कोणाचं नुकसान करण्यासाठी जाणूनबुजून कायद्याची आज्ञा मोडली असेल तर न्याय संहितेचं कलम १९८. खटल्याआधी मंजुरी लागते ती वेगळी. 'शपथभंग' हा शब्द राज्यपालांना आणि मुख्यमंत्र्यांना लिहायच्या निवेदनातला. तिथेही तो मोघम टाकू नका. शपथेत 'कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता' असे शब्द आहेत. ते जसेच्या तसे उतरवा, शेजारी मंत्र्याचं वाक्य किंवा आदेश तारखेसह ठेवा आणि कोणता शब्द कशाने मोडला ते एका ओळीत सांगा.

लिपिक किंवा तहसीलदार यांच्याबद्दल हा शब्द वापरणं मात्र साफ चूक. त्यांना तिसऱ्या अनुसूचीची शपथ नसते. त्यांच्यासाठी १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम आहेत, आणि तिथला शब्द 'गैरवर्तणूक'.