‘रन आउट ऑफ’ नेमकं कधी वापरायचं?
क्रिकेटमधला रनआउट आधी डोक्यातून काढा. रन आउट ऑफ म्हणजे जवळची गोष्ट वापरून वापरून संपणं, आणि ज्याच्याकडची संपली तो वाक्यात पहिला येतो. म्हणजे कोथरूडहून हिंजवडीला निघालात आणि चांदणी चौकात गाडीतलं पेट्रोल संपलं तर ऑफिसात कळवायचं, ‘आय हॅव रन आउट ऑफ पेट्रोल’. पेट्रोलपासून सुरुवात करायची असेल तर ‘ऑफ’ गाळा, ‘द पेट्रोल हॅज रन आउट’, झालं. काल संपलं असेल तर ‘रॅन’, पण हॅव-हॅजनंतर परत ‘रन’च हां, सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. वेळ, पैसे, पेशन्स सगळ्याला चालतं, पण लेक्चर संपलं तर नाही चालत, तिथे सरळ ‘इज ओव्हर’ म्हणा.